तावदाने पुसण्याचा स्वतःचा व्यवसाय : एका वाचकाच्या पत्राला उत्तर

वाचकाचे पत्र : मी ३४ वर्षांचा असून गेली ६ वर्षे एका साफसफाई कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. कार्यालयांच्या फरशा, स्वच्छतागृहे आणि आतल्या बाजूच्या काचा एवढे माझे काम. आता कामे कमी झाल्यामुळे मालकांनी मला दुपारनंतरची अर्धी पाळी देऊ केली आहे. ती न घेता खिडक्यांच्या काचा पुसण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करावा, असे माझ्या मनात आहे. ५ महिने घर चालेल एवढी शिल्लक गाठीशी आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी चौथ्या मजल्यापर्यंतच्या बाहेरच्या काचांचे काम देऊ केले असून मोबदलाही चांगला आहे. मात्र सुरक्षापट्ट्याची सोय नाही, खिडकीबाहेरच्या कडेवर उभे राहूनच काम करावे लागेल. माझ्या पत्नीला हे मुळीच मान्य नाही. हे काम घ्यावे का? साहित्य कोणते घ्यावे, दर कसा ठरवावा आणि गिऱ्हाईक कसे मिळवावे, याबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आजच्या आज द्यायला हवे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. चौथ्या मजल्याचे ते काम घेऊ नका. तुमच्या पत्नींचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे आणि त्यात घासाघीस करण्यासारखे काहीही नाही. खिडकीबाहेरची कड ही पाणी बाहेर वाहून जावे यासाठी केलेली उतरती जागा असते, ती उभे राहण्यासाठी बांधलेली नसते. त्यावर साबणाचे पाणी सांडलेले, एका हातात ओली फणी (काच ओली करायचे कापड चढवलेले अवजार), दुसऱ्या हातात काच निथळण्याचे अवजार, म्हणजे धरायला हातच उरत नाही. उंच इमारतींच्या काचा दोरावर लोंबकळून पुसणारे लोक हे काम सुरक्षितपणे करतात, हे खरे आहे, परंतु तो स्वतंत्र प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे. तेथे प्रत्येक माणसासाठी वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले दोन दोर असतात, एक कामाचा आणि दुसरा पहिला निकामी झाला तर झेलणारा; शिवाय अडकलेल्या सहकाऱ्याला खाली कसे आणायचे याचा सराव प्रत्येकाने केलेला असतो. तुम्हाला देऊ केलेल्या कामात यातले काहीच नाही. त्या गृहस्थांना सरळ सांगा की आतल्या सर्व काचा आणि जमिनीवर उभे राहून पोचता येतील तेवढ्या बाहेरच्या काचा मी चोख पुसून देईन, वरच्या काचांसाठी त्या कामाची साधने असलेल्या माणसांना बोलवा. बहुतेक वेळा एवढे स्पष्ट सांगणाऱ्या माणसाला उरलेले काम मिळते. न मिळाले तरी चालेल.

शिडीच्या बाबतीतही सुरुवातीपासून शिस्त लावून घ्या, कारण या व्यवसायातले बरेच अपघात दोन माणसांच्या उंचीवरून, रोजच्या ओळखीच्या शिडीवरून होतात. शिडीचे टोक भिंतीला जितक्या उंचीवर टेकते, त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाया भिंतीपासून दूर असावा, म्हणजे ४ मीटर उंचीला १ मीटर. असा कोन साधारण ७५ अंशांचा होतो. शिडी काचेला किंवा पन्हाळीला कधीही टेकवू नये. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम ठेवावेत, आणि पोट शिडीच्या दोन्ही दांड्यांच्या मधेच राहील एवढेच बाजूला झुकावे. ‘एवढा एक कोपरा राहिला’ म्हणून हात लांबवण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवावी. पहिले वर्षभर तर मी म्हणेन की जमिनीवरून किंवा छोट्या घडीच्या शिडीवरून होणारीच कामे घ्या. तेवढी कामे पुष्कळ असतात.

आता हाताच्या कौशल्याविषयी. तुम्ही ६ वर्षे आतल्या काचा पुसल्या आहेत, म्हणून हा भाग येतो असे तुम्ही गृहीत धरले असावे, असे पत्रावरून वाटते. कार्यालयांत बहुधा फवारा आणि फडके यांनी काच पुसतात. बोटांचे ठसे घालवायला ते पुरेसे असते. पण बाहेरची धूळ बसलेल्या काचेवर फडके फिरवले, की मळ एका जागेवरून दुसरीकडे सरकतो आणि ऊन पडल्यावर सगळे फराटे दिसू लागतात. व्यावसायिक पद्धत वेगळी आहे. काच भरपूर ओली करायची, मळ पाण्यात सैल होऊन तरंगू लागला की ते सगळे पाणी रबरी पट्टीने एकसंध ओढून काचेवरून उतरवायचे. त्यासाठीचे अवजार म्हणजे स्क्विजी, ज्याला अनेकजण वायपर म्हणतात. अमेरिकेतील ओकलंड येथे स्थायिक झालेले इटालियन कारागीर एत्तोरे स्तेक्कोने यांनी १९३६ मध्ये पितळी, हलक्या आणि एकाच रबरी पट्टीच्या अशा अवजाराचे पेटंट घेतले. त्याआधी वापरात असलेले अवजार जड पोलादी होते आणि त्याचे रबर बदलायचे म्हणजे ढीगभर स्क्रू काढावे लागत. आज बाजारात जे मिळते त्याचा मूळ नमुना तोच आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण इतक्या वर्षांत साधन फारसे बदललेले नाही, आणि म्हणून दोन कारागिरांमधला फरक आजही हातामुळेच पडतो.

सरावासाठी घरातलीच एक मोठी काच निवडा आणि पंधरा दिवस रोज तासभर तीच पुसा. दहा लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक छोटा चमचा पुरतो. साबण कमी पडला तर रबर काचेवर अडखळते आणि कुरकुरते, जास्त झाला तर पुसट थर मागे राहतो. पट्टी ओल्या काचेवर मधूनच टेकवली, तर टेकवल्या जागी पाण्याची रेघ उमटते. म्हणून आधी काचेच्या वरच्या कडेला बोटभर रुंदीची कोरडी पट्टी फडक्याने करून घ्यावी आणि ओढ तेथून सुरू करावी. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर साधारण ५ सेंटिमीटर चढलेली असावी आणि दोन ओढींच्या मधे रबर पुसून घ्यावे. ही सरळ ओढ अंगवळणी पडली, की मग काचेवरून हात न उचलता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी फिरत खाली येण्याची पद्धत शिका. तिने मोठी काच फार लवकर होते. पण ती आधी शिकायला गेलात तर कोपऱ्यांत पाणी सोडण्याची सवय लागते आणि ती पुढे मोडणे अवघड जाते. शेवटी कडांवरचे पाणी कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपून घ्यावे. मधल्या भागाला फडके लावायची गरज पडत असेल, तर ओढ चुकली असे समजावे आणि काच पुन्हा ओली करावी.

एक छोटी युक्ती येथेच सांगून ठेवतो. काचेची बाहेरची बाजू उभ्या ओढींनी आणि आतली बाजू आडव्या ओढींनी पुसा. काम संपल्यावर एखादी रेघ दिसली, तर ती कोणत्या बाजूला आहे हे तिच्या दिशेवरूनच कळते आणि उगाच आत-बाहेर धावपळ होत नाही. तसेच ज्या काचेवर थेट ऊन आले आहे ती शेवटी ठेवा किंवा सूर्य सरकल्यावर घ्या, कारण तापलेल्या काचेवर पाणी ओढण्याआधीच सुकते आणि साबणाचा थर बसतो.

साहित्याचा खर्च तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. ३५ सेंटिमीटरची एक स्क्विजी, लहान तावदानांसाठी साधारण १५ ते २५ सेंटिमीटरची दुसरी, तितक्याच रुंदीची कापडी फणी, आयताकृती बादली, डझनभर मायक्रोफायबरची फडकी, हाताने लांबवता येणारा दांडा, आतल्या कामासाठी जमिनीवर अंथरायचे कापड आणि जास्तीची रबरे. कंजूषी करायचीच असेल तर बादलीत करा, रबरात नको. रबराची एक कड बोथट झाली की पट्टी उलटवून दुसरी वापरता येते. दोन्ही कडा झिजल्या, की ते रबर टाकून द्यावे, मग ते कितीही नवे दिसो.

लांब दांड्याच्या ब्रशमधून शुद्ध पाणी सोडून जमिनीवरूनच वरच्या मजल्याच्या काचा धुण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल आणि तिचा मोहही होईल. तिचे तत्त्व सोपे आहे. साध्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. थेंब सुकला की पाणी उडून जाते आणि क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहतो. पाण्यातले क्षारच काढून टाकले, तर काच ओलीच सोडली तरी ती डाग न पडता सुकते. त्यासाठी आधी आरओ यंत्रणेने बहुतांश क्षार काढतात आणि उरलेले रेझिन, म्हणजे क्षार शोषून घेणारे दाणे, भरलेल्या नळकांड्यातून गाळतात. पाण्याची शुद्धता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या छोट्या मापकाने तपासतात. मापकावरचा आकडा शून्य असावा, आणि तो दहाच्या वर गेला तर डाग दिसू लागण्याची भीती असते. ही पद्धत शिडीची गरजच कमी करते, म्हणून मी तिचा मनापासून पुरस्कर्ता आहे. तरीही ती पहिल्या वर्षी घेऊ नका. यंत्रणा, दांडा, टाकी आणि ती वाहून नेणारे वाहन, हे सगळे तुमच्या शिलकीतून गेले तर घर चालवायला काही उरणार नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन वाहनात येते आणि ते वाहनाला झेपायला हवे, नीट बांधलेलेही हवे. पुढेमागे घ्याल तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : कार्बन तंतूंचा दांडा वीज वाहून नेतो, आणि ओला झाल्यावर इतर दांड्यांवरही विसंबता येत नाही, त्यामुळे डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तेथे दांडा उभाच करायचा नाही.

ज्या गोष्टीमुळे नवा माणूस एका दिवसात महिन्याची कमाई घालवून बसतो, तिच्याविषयी आता थोडे सविस्तर लिहितो. माझ्या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मला एका नव्या बांधलेल्या घराच्या सर्व काचा स्वच्छ करण्याचे काम मिळाले. काचांवर रंगाचे शिंतोडे आणि सिमेंटचे ठिपके होते. मी काच ओली केली, नवे धारदार पाते लावले आणि जसे शिकलो होतो तसे खरवडून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात मालकिणीला सहा तावदानांवर केसासारख्या बारीक शेकडो रेघा दिसल्या. पाते नीट होते, हातही नीट होता. दोष काचेच्या जातीत होता आणि ती मला ओळखता आली नव्हती. कडक केलेली काच, म्हणजे टेम्पर्ड ग्लास, बनवताना ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. भट्टीतले रूळ किंवा काच आधी स्वच्छ धुतलेली नसेल, तर काचेचे सूक्ष्म कण तिच्या एका बाजूला वितळून चिकटतात. पाते त्या कणांना उखडते आणि तेच कण पात्याखाली ओढले जाऊन काचेवर ओरखडे पाडतात. सहाही तावदानांची भरपाई मी स्वतःच्या खिशातून केली, आणि ती फेडायला मला जवळजवळ वर्ष लागले.

म्हणून नव्या बांधकामातले काम सुरुवातीला घेऊच नका. घ्यावेच लागले, तर काचेच्या कोपऱ्यात कडक केल्याची खूण छापलेली आहे का ते पाहा, हात ओला करून पृष्ठभागावर फिरवा, बारीक वाळूसारखे काही लागते का ते तपासा, आणि खरवडण्याने ओरखडे पडू शकतात हे मालकाकडून लेखी मान्य करून घेतल्याशिवाय पात्याला हात लावू नका. ज्या काचेवर ऊन अडवणारी पातळ फिल्म चिकटवली आहे तिच्यावर पाते तर नाहीच, अमोनियायुक्त द्रावणही वापरू नये. पाण्याच्या क्षारांचे जुने पांढरे डाग साध्या साबणाने जात नाहीत. सौम्य आम्ल, उदाहरणार्थ व्हिनेगर, एका कोपऱ्यात लावून पाहावे. गेले तर ठीक. नाहीतर सिमेंटच्या ओघळातला किंवा पाण्यातला क्षार काचेतच उतरला आहे, आता पुसून तो जाणार नाही, असे गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे. बाजारात डाग ‘चुटकीसरशी’ घालवणारी काही द्रावणे हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वर्गातली असतात. ती त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतात आणि कित्येकदा दुखणे उशिरा जाणवते. तसल्या बाटलीला हातही लावू नका.

प्रत्येक नव्या ठिकाणी पाणी ओतण्याआधी एक फेरी मारा, तडे, जुने ओरखडे, ढिली झालेली झडप, काचेच्या कडेची सुटलेली लांबी (पुट्टी) हे सगळे पाहा, फोनवर छायाचित्रे काढा आणि गिऱ्हाइकाला तेथेच दाखवा. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. उलट माणसाला कळते की आपल्या घराकडे हा नीट बघतो आहे.

आता दराविषयी. नवीन माणूस शेजारच्याचा दर विचारतो, त्यातून थोडे कमी करतो आणि वर्षाच्या अखेरीस आपण नोकरीपेक्षाही कमी मिळवले हे त्याला उमगते. तुम्ही उलट्या बाजूने या. महिन्याला घरखर्च किती, प्रवास, रबरे-फडकी, विमा, कर आणि आजारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम किती, याची बेरीज करा. मग प्रत्यक्ष काचेवर हात चालतो असे तास किती आहेत ते मोजा. दिवस ८ तासांचा धरला तरी जाणे-येणे, बोलणे, साहित्य मांडणे, आवरणे यांत ३ तास जातात, हा माझा अनुभव आहे. महिन्यातले २२ दिवस धरले आणि पावसापायी, वाऱ्यापायी ३ बुडाले, तर १९ दिवस गुणिले ५ तास, म्हणजे ९५ तास उरतात. तुमच्या मासिक बेरजेला ९५ ने भागा. जो आकडा येईल त्याखाली तुमचा तासाचा दर कधीच जाता कामा नये. पहिल्यांदा हा आकडा पाहून छातीत धस्स होते आणि ‘एवढे कोण देणार’ असे वाटते. पण गिऱ्हाइकाला तासाचा दर सांगायचाच नसतो, त्याला संपूर्ण कामाची ठरलेली रक्कम सांगायची असते. तुमचा हात बसला की तेच काम कमी वेळात होते, आणि त्या वेगाचा फायदा तुम्हाला मिळायला हवा. तासावर मजुरी घेणाऱ्याला मात्र वेगवान झाल्याबद्दल कमी पैसे मिळतात.

रक्कम सांगता येण्यासाठी स्वतःचा वेग माहीत हवा. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत प्रत्येक कामाची नोंद ठेवा : तावदाने किती, कशी, शिडी लागली का, आत-बाहेर दोन्ही बाजू होत्या का, सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता. पन्नास नोंदी झाल्या की रस्त्यावरून घर पाहून तुम्हाला वेळेचा अंदाज बांधता येईल. लहान लहान चौकोनांची जुनी खिडकी एका सलग मोठ्या काचेपेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते, कारण प्रत्येक चौकोनाला चार कडा आणि चार कोपरे असतात. ही गोष्ट नवशिक्याच्या हिशेबात हमखास राहून जाते. तसेच कित्येक महिने न पुसलेल्या काचेची पहिली सफाई पुढच्या सफाईच्या सहज दुप्पट वेळ घेते, कारण चौकटी, खाचा आणि जाळ्याही धुवाव्या लागतात. पहिल्या वेळेची रक्कम वेगळी आणि जास्त सांगा, आणि ती का जास्त आहे हेही सांगा.

आणि येथे मी माझ्या सांगण्याच्या गाभ्याशी येतो. तुम्ही पत्रात ‘मोठे काम’ हा शब्द तीनदा वापरला आहे, जो वर दिलेल्या संक्षिप्त पत्रात आलेला नाही. या व्यवसायात मोठ्या कामाने पोट भरत नाही, ते फेरीने भरते. फेरी म्हणजे तीच घरे, तीच दुकाने, ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा. काच आज चकचकीत झाली तरी धूळ उद्यापासून बसायला सुरुवात करते. म्हणजे एकदा मिळालेले गिऱ्हाईक तुम्ही टिकवले तर वर्षानुवर्षे टिकते, आणि दर खेपेला त्याला नव्याने पटवावे लागत नाही. दर ४ आठवड्यांनी पुसलेली काच थोड्या वेळात होते, म्हणून नियमित गिऱ्हाइकाला कमी दर दिला तरी तुमच्या तासाला जास्त मिळते. वर्षातून एकदा बोलावणाऱ्या बंगल्यापेक्षा महिन्याला बोलावणारे दोन खोल्यांचे घर मला नेहमीच जास्त मोलाचे वाटत आले आहे. कित्येक ठिकाणी हा व्यवसाय सोडणारा माणूस आपली फेरी दुसऱ्याला चक्क विकतो. साहित्याला किंमत फार नसते, गिऱ्हाइकांच्या त्या यादीला असते.

फेरी एकाच भागात घट्ट विणलेली असावी. गावाच्या चार टोकांना चार गिऱ्हाइके असण्यापेक्षा एका गल्लीत तीन असलेली बरी, कारण प्रवासाच्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. म्हणून चालत जाता येईल असा एकच भाग निवडा आणि तेथे दारोदार जा. पत्रके टाकून घरी वाट पाहत बसू नका. दार वाजवा, दोन वाक्यांत काम सांगा, खिडक्यांवर नजर टाकून तेथेच रक्कम सांगा. बरेच लोक नाही म्हणतील, तो नकार तुम्हाला नसतो, त्या क्षणाला असतो; दोन महिन्यांनी पुन्हा गेलात तर त्यांतलाच एखादा हो म्हणतो. एखाद्या घरी काम सुरू असताना शेजारच्या दोन्ही घरांत आणि समोरच्या घरात विचारणे, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत फलदायी रीत आहे, कारण तुमचे काम त्यांना डोळ्यांनी दिसत असते. दुकानांची कामे लहान असतात, पण आठवड्याला किंवा पंधरवड्याला होतात आणि दुकाने उघडण्याआधी सकाळी एका रांगेत उरकतात. ती तुमच्या रोख पैशांचा आधार होतील. मात्र ज्या दिवशी येईन म्हणालात त्या दिवशी जा. जाता येत नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवा. न कळवता चुकवलेली एक खेप गिऱ्हाईक घालवायला पुरते, चुकून राहिलेला एखादा डाग घालवत नाही.

एक सावधगिरी : ज्यांच्याकडे तुम्ही नोकरी करता त्या कंत्राटदारांच्या गिऱ्हाइकांकडे जाऊ नका. तुमच्या नेमणुकीच्या कागदात तशी अट असू शकते, आणि नसली तरी अर्धी पाळी तेच देणार आहेत.

विम्याबद्दल थोडक्यात. त्रयस्थाच्या इजेची व मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विमा पहिल्या कामाआधी घ्या, परंतु सही करण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारा : ज्या काचेवर मी प्रत्यक्ष काम करत आहे, तिचे माझ्या हातून नुकसान झाले तर ते यात येते का? अनेक विमापत्रांत नेमकी हीच गोष्ट वगळलेली असते. बादली सांडून गालिचा भिजला तर भरपाई मिळते, ओरखडलेल्या काचेची मिळत नाही. स्वतःच्या अपघातासाठीही वेगळा विमा हवा, कारण मनगट मोडले तर पगार देणारा आता कोणी नसेल. व्यवसायाचे बँक खाते घराच्या खात्यापासून वेगळे ठेवा आणि आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढा. नोंदणी आणि कराचे नियम तुमच्या ठिकाणच्या कार्यालयात जाऊन एकदा नीट समजावून घ्या.

राहिला अर्ध्या पाळीचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती पाळी घ्या. आपण जरा हिशेब करू. नेटाने दारे वाजवलीत तर आठवड्याला दोन नियमित गिऱ्हाइके मिळतील, असे धरू. हा अंदाज उदारच आहे. ५ महिन्यांत, म्हणजे सुमारे २१ आठवड्यांत, ४२ गिऱ्हाइके होतील. त्यांतली काही घर बदलतील, काही पुन्हा बोलावणार नाहीत, म्हणून ३५ धरा. प्रत्येकाकडे महिन्यातून एकदा सरासरी एक तासाचे काम असेल, तर महिन्याला ३५ तास भरतात. तुम्हाला हवेत ९५. म्हणजे सगळे मनासारखे घडले तरी शिल्लक संपेल त्या दिवशी तुमची फेरी जेमतेम एक तृतीयांश भरलेली असेल. हाच तो टप्पा आहे जेथे चांगले कारागीर घाबरून व्यवसाय सोडतात, किंवा खिडकीबाहेरच्या कडेवर उभे राहण्याची कामे घेतात.

पाळी दुपारनंतरची आहे, हे तर तुमच्या पथ्यावरच पडले आहे. दुकाने सकाळी लवकर होतात, घरांच्या काचाही ऊन चढण्याआधी चांगल्या निघतात. सकाळचे ४ तास फेरीला आणि दुपारनंतर पाळी, असे चालवलेत तर शिलकीला क्वचितच हात लावावा लागेल. खांदे आणि मनगटे यांनाही या कामाची सवय हळूहळू व्हायला हवी. पहिल्या महिन्यात ती फार दुखतात, म्हणून ओढीसाठी दोन्ही हातांची अदलाबदल करायला आतापासूनच शिका. दर महिन्याच्या अखेरीस वही घेऊन पत्नींसह बसा आणि नियमित गिऱ्हाइकांचे मासिक तास मोजा. एकदाच येऊन गेलेली कामे त्यात धरू नका. तो आकडा सलग ३ महिने ६० च्या वर राहिला, की अर्धी पाळी सोडण्याचा विचार करा, आणि तोवर तुमची ५ महिन्यांची शिल्लक जशीच्या तशी बँकेत असू द्या.